मुक्या हातांचा राजा

एका राज्यात रत्नध्वज नावाचा राजा होता. मोठा न्यायी, पण भारी हौशी. तळ्याच्या तळाशी जादूगार काळकेतूचा खजिना आहे असे कळताच त्याने बुडी मारली आणि ओंजळभर रत्ने वर आणली. पाठोपाठ काळकेतूही वर आला. म्हणाला, "जे घडवले नाहीस ते उचललेस. तुझे हात मुके होवोत."

हात मुके झाले. ऊन कळेना, गार कळेना. राजाने रत्ने परत टाकली, शाप काही परतला नाही. एरवी त्याने चालवून घेतले असते. पण तान्ही राजकन्या इरावती हाती घेतली, की तिचे अंग तापले आहे की नाही, हेही बापाला कळत नसे. याचे त्याला फार वाईट वाटे.

एके सकाळी खिडकीत सुतारपक्षी येऊन बसला. म्हणाला, "महाराज, मडके घडवा, विळा घडवा, भाकरी करा. दुसऱ्याचा हात लागता कामा नये. तिन्ही झाली की शाप तुटेल."

राजा गिरजा कुंभारणीकडे गेला. चाकावर माती उभी राहीना. गिरजा हसली. "महाराज, आधी माती पायांनी तुडवा. खडा टाचेला कळतो." राजाने टाचेने खडे शोधले. मडके जरा वाकडेच झाले, पण भाजून निघाल्यावर टिचकी मारताच खणखणले. त्या क्षणी बोटांच्या टोकांना ऊब कळली.

भिवा लोहार म्हणाला, "लोखंड केशरी झालं की मारा. मनगट सैल ठेवा." विळा झाला आणि तळहाताला फोड आला. फोड चक्क दुखत होता. राजाने तो प्रधानाला दाखवला, सेनापतीला दाखवला, वाटेतल्या गुराख्यालाही दाखवला.

भाकरी राहिली. सोनाई शेतकरीण म्हणाली, "पीठ नीट मळा. झालं की हातालाच समजतं." पहिली फाटली, दुसरी करपली. तिसरी तव्यावर टम्म फुगली आणि वाफ बोटांना झोंबली.

"भाजलो," राजा म्हणाला आणि आनंदाने रडू लागला. शाप तुटला.

तो धावत महालात आला. इरावतीच्या गालाला हात लावला. गाल मऊ होता, जरासा ओला होता.

दुसऱ्या दिवशी राजाने आपल्या हातांना शहाणे करणाऱ्या तिघांना दरबारात मसलतीला बोलावले. गिरजाचा निरोप आला, "आवा पेटवलाय, मडकी भाजताहेत. सोडून येता येत नाही." भिवाची भट्टी तापलेली होती, सोनाई पेरणीला गेली होती.

राजा म्हणाला, "मग दरबारच तिकडे जाईल." मग लेकीला कडेवर घेतले आणि अवघा दरबार घेऊन तो आव्यापाशी गेला. प्रधानाने आव्यात लाकडे सारली, गिरजाने आपले मत सांगितले आणि त्या राज्याचा कारभार तिथेच सुरळीत सुरू झाला.