पाहुण्याचं पिस्तूल आधी

एका गावात एक भोळा गडी होता, सिद्राम. भोळा तरी किती? "जरा थांब" म्हटलं की दिवस मावळेपर्यंत तिथंच उभा. आळशी नव्हता बिचारा. सांगितलेलं काम करायचाच. तीच तर पंचाईत होती.

त्याचे मालक बसगोंडा पाटील. सगळं गाव त्यांना आण्णा म्हणायचं. दसऱ्याच्या शिलंगणाला शिवेवर पहिला बार काढायचा मान आण्णांच्या घराचा. यंदा जुनी बंदूक मोडली, म्हणून आण्णांनी नवं पिस्तूल घेतलं. लायसन्सचं, रीतसर. पण होतं स्वस्तातलं, आणि सांगाडा प्लास्टिकचा.

खंडेनवमीला आण्णांचे दाजी पाहुणे आले. त्यांच्या कमरेला भारी पोलादी पिस्तूल. आण्णांचं बघून ते पोट धरून हसले.

"आण्णा, हे पिस्तूल हाय का मोरीतला मग? उद्या हे अडकलं, तर पहिला बार माझा!"

आण्णांना ते फार लागलं. स्वतःच्या शिवेवर पाहुण्यानं बार काढायचा म्हणजे नाकच कापलं की! त्यांनी सिद्रामला बाजूला घेतलं.

"पिस्तूल तुझ्या हवाली. गोळ्या माझ्या खिशात. उद्या बार उडाला न्हाई, तर तुझी नोकरी गेली. आधी ते साफ कर."

सिद्राम घाबरला. घरी म्हातारी आई, दुसरं काम कोण देणार? त्यानं राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि पिस्तूल कळशीगत घासायला बसला.

"आरं आरं!" आण्णा धावले. "घासतोस काय? एक थेंब तेल सोडायचं, मऊ फडक्यानं पुसायचं. ध्यानात आलं?"

"आलं, मालक."

तेवढ्यात दाजींनी चष्मा पुढं केला. "सिद्राम, एवढा साफ कर बाबा."

सिद्रामनं एकेका काचेवर एक थेंब तेल सोडलं आणि मऊ फडक्यानं पुसलं. दाजींनी चष्मा लावला, अंगणात गेले आणि दावणीच्या म्हशीला म्हणाले, "रामराम वहिनी, बऱ्या हायसा न्हवं?"

आण्णांच्या मंडळी, म्हणजे खऱ्या वहिनी, मागंच उभ्या होत्या. पुढचं सांगत नाही.

"चष्म्याला तेल? धुऊन काढ ते!" आण्णा ओरडले. "आणि पिस्तूल असं हलवत फिरू नको. हत्याराचं तोंड कधी माणसाकडं करायचं न्हाई, भुईकडं करायचं. रिकामं असलं तरी भरलेलंच समजायचं. ध्यानात आलं?"

"आलं, मालक."

वहिनींनी चहाची किटली त्याच्या हातात दिली. सोप्यात दाजी, आण्णा, चार भाऊबंद बसलेले. सगळी माणसंच. आता किटलीचं तोंड करायचं कुणीकडं? सिद्रामनं ते भुईकडं केलं आणि सावकाश चालत आला. मागं उंबऱ्यापासून चहाचा ओहोळ.

दाजींनी कप पुढं धरला. थेंब पडेना.

"आरं, ही तर रिकामी!"

"रिकामी असली तरी भरलेलीच समजा, दाजी."

आण्णांनी कपाळाला हात लावला. "गाढवा, पाहुण्याला उपाशी ठेवतोस? ऐक. जे घरच्याचं करशील ते पाहुण्याचं आधी करायचं, आणि दुप्पट करायचं. ध्यानात आलं?"

"आलं, मालक."

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण दाजी पुन्हा प्लास्टिकवर घसरले, तसे आण्णाही पेटले.

"स्वस्त असलं म्हणून काय झालं? पाण्यात बुडवा, चिखलात लोळवा, बाहेर काढलं की उडणारच! तसं बुडवूनच दावतो एकदा!"

सिद्राम दाराआड उभा राहून हे नीट ऐकत होता. त्यानं हेही नीट ध्यानात ठेवलं. संध्याकाळी पूजेच्या ताटात मांडायला दाजींनी आपलं पिस्तूलही रिकामं करून त्याच्याच हाती दिलं.

दसऱ्याला सगळे शिवेवर जमले. पूजेचं ताट झेंडूनं भरलेलं. आण्णांनी फुलांतून पिस्तूल उचललं, तर त्यातून चिखलाचं पाणी ठिबकत होतं.

"हे काय रं?" आण्णांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बुडवून दावतो म्हणलासा न्हवं? म्हशीच्या डबक्यात घटकाभर घातलं."

दाजी खदखदून हसले. आण्णांनी पिस्तूल झटकलं, नळीतून फडकं फिरवलं, खंडोबाचं नाव घेतलं, गोळी भरली आणि मातीच्या बांधावर नेम धरला. सिद्रामनं डोळे मिटले. नोकरी डोळ्यांपुढून चालली होती.

धाड!

असा खणखणीत बार की आपट्यावरचे कावळे उडाले. लोकांनी आण्णांना खांद्यावर घेतलं. आण्णांनी खाली उतरून सिद्रामला मिठी मारली. "नोकरी पक्की रं तुझी! जन्मभर पक्की!"

दाजींचं तोंड उतरलं. "स्वस्तातलं उडतंय तर माझं बघाच आता," म्हणत त्यांनी फुलांत हात घातला. हाताला खुरपं लागलं.

"सिद्राम, माझं पिस्तूल कुठाय?"

"घरी भिजतंय, दाजी. पाहुण्याचं आधी म्हणून कालच घातलं. दुप्पट म्हणून डबक्यात न्हाई घातलं. गोबरगॅसच्या टाकीत सोडलंय, पार तळाला."

दाजी मटकन खाली बसले. मग ओरडले, "चला आत्ताच्या आत्ता! आणि आधी माझा चष्मा दे. त्या टाकीत मला दिसणार कसं?"

"चष्मा बी तिथंच हाय, दाजी," सिद्राम लगबगीनं म्हणाला. "तेल निघंना, म्हणून तो बी भिजत घातला. पाहुण्याचं सामान इकडंतिकडं नको."