शिळा उजेड

एका राज्यात पृथुसेन नावाचा राजा होता आणि त्याचा आपल्या डोळ्यांवर फार भरवसा होता. माणूस वाईट नव्हता. रयतेला जपायचा, दारी आलेल्याला उपाशी पाठवायचा नाही. पण जे दिसतं तेच खरं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या राजवाड्याच्या मनोऱ्यावर हत्तीएवढा एक स्फटिक होता. त्यातून बघितलं की आकाशातला तारा अंगणात उतरल्यासारखा जवळ येई, त्यावरच्या गवताची पातीसुद्धा दिसे.

एके दिवशी धूमकेश नावाचा जादूगार दरबारी आला. राजाने त्याला मनोऱ्यावर नेलं, उत्तरेचा निळा तारा दाखवला आणि म्हणाला, "बघा, तिथे आत्ता फुलं उमलताहेत."

"महाराज, ती फुलं केव्हाच गळाली," धूमकेश म्हणाला. "उजेडही वाट चालतो. त्याच्याहून जलद चालणारं कुणी नाही, हे खरं. पण तो ताराच इतका लांब, की तिथून निघालेला उजेड इथे पोचायला सात वर्षं लागतात. आपण बघता तो शिळा उजेड."

दरबारी हसले. राजा सगळ्यांत मोठ्याने हसला. "भाकरी शिळी होते, जादूगार. उजेड शिळा झालेला आम्ही ऐकला नाही," असं म्हणून त्याने धूमकेशाला शिपायांकरवी वेशीबाहेर घालवलं.

वेशीपाशी उभं राहून धूमकेशाने शाप दिला. "राजा, डोळ्यांवर विसंबलास, डोळ्यांनीच फसशील. तुझा मुलगा मी त्या निळ्या ताऱ्यावर नेऊन ठेवतो. तुझ्या रक्ताचं माणूस येऊ दे. त्याने पोराला ओळखावं, हात धरावा, घेऊन जावं. चुकीचा हात धरला, तर आलेलंही माझं."

राजपुत्र वज्रधर तेव्हा पाच वर्षांचा होता, अंगणात विटी कोलत होता. विटी हवेत गेली ती खाली आली, पण झेलायला राजपुत्र नव्हता. त्याची धाकटी बहीण कुंतला तीन वर्षांची. ती बराच वेळ त्या विटीकडे बघत बसली.

राजाराणी स्फटिकाशी जाऊन बसले. तारा दिसे, फुलं दिसत, मुलगा काही दिसेना. वर्षामागून वर्षं गेली. राजाची दाढी पिकली. कुंतला मोठी झाली, सतरा वर्षांची झाली. आणि एका सकाळी राणी गुणवंता स्फटिकापाशीच खाली बसली. निळ्या ताऱ्यावर एका काळ्या शिळेवर वज्रधर बसला होता. तेच पिवळं आंगडं, तेच पाच वर्षांचं तोंड, आणि नुकतंच रडू फुटलेलं.

राजवाड्यात साखर वाटली. राजा म्हणाला, "जादूगाराने त्याचं वय थांबवलं आहे. आमचा मुलगा आहे तसाच आहे." राणीने त्या मापाचा नवा अंगरखा शिवायला घेतला. 

बागेत बकुळा नावाची एक म्हातारी साळुंकी राही. ती मुळात धूमकेशाची. त्याला हाकललं त्या गडबडीत ती इथेच राहून गेली होती. कुंतला तिच्यापाशी गेली.

"बकुळामावशी, तू जादूगाराच्या घरी वाढलीस. दादा खरंच अजून पाच वर्षांचा आहे?"

"आली एकदाची विचारायला," साळुंकी म्हणाली. "मला वाटलं, या राज्यात माणसांना तोंड फक्त जेवायला दिलं आहे. ऐक. उजेडाच्या पाठीवर बसून जो जातो, त्याला वेळ लागत नाही. पापणी लवते आणि तो पोचतो, अंगावर एक दिवस चढत नाही. पण बाहेरच्या जगाचा काळ थांबत नाही. तुझ्या भावाला तिथे पोचायला तुमची सात वर्षं गेली. तो पोचला, रडला, आणि त्या रडण्याचा उजेड इथे यायला निघाला. त्यालाही सात वर्षं लागली. तो आज आला."

"म्हणजे आज तिथे तो..."

"तुझं तू मोज. मी मोजून दिलं तर ऐन वेळी विसरशील."

"मला जायचं आहे, मावशी. मी मोजेन."

"मग उजेडाची घोडी हवी. तिच्यावर वजन चालत नाही, सावली चालत नाही. आणि तिसरं काय ते ती स्वतः मागते. अजून वेळ आहे, घरी बस."

कुंतला घरी बसली नाही. साळुंकीकडून वाट काढून घेऊन ती निघाली. नदीच्या डोहात एक खडक होता, तो बसणाऱ्याचं वजन काढून घेई. पण वजन जाऊ लागलं की माणूस घाबरून काहीतरी धरतो, आणि ज्याने धरलं त्याचं वजन परत येतं. कुंतला पहिल्यांदा बसली तेव्हा तिने लव्हाळा धरला. दुसऱ्यांदा स्वतःचीच वेणी धरली. तिसऱ्यांदा हात मोकळे ठेवून बसली, आणि उठली तेव्हा तिच्या पावलांनी ओल्या वाळूवर ठसा उमटला नाही.

पुढे मिठाचं माळरान होतं. तिथे एक वाळलेलं झाड उभं होतं, त्याला सावली नव्हती. कुंतला ऊन डोक्यावर असताना झाडाशी उभी राहिली. पायाखालची सावली बोलू लागली.

"मला टाकून चाललीस? तू रांगत होतीस तेव्हापासून मी तुझ्या पायाशी आहे."

"टाकत नाही, ठेवून जाते आहे," कुंतला म्हणाली. "या झाडाला कुणी नाही. माझं तरी सगळं घर आहे."

सावली थोडा वेळ रुसली, मग झाडाच्या बुंध्याशी जाऊन पडली.

दुसऱ्या दिवशी सूर्याचा पहिला किरण मनोऱ्यावर पडला आणि त्याच्याबरोबर घोडी आली. पांढरी, उभ्या उभ्या थरथरणारी. राजा, राणी आणि साळुंकी तिथेच होती.

"तिसरं मागते," घोडी म्हणाली. "तुझे आईबापांजवळचे दिवस. जाणं आणि येणं, तुझ्या दोन पापण्या लवतील. इथे चौदा वर्षं जातील. ती मी परत देत नाही."

कुंतलाने आईकडे पाहिलं. वजन देताना आणि सावली देताना ती डगमगली नव्हती, आता मात्र घोडीपासून एक पाऊल मागे आली.

राणी म्हणाली, "दे. मी थांबेन. थांबायची मला सवय आहे." आणि तिने तो नवा अंगरखा पुढे केला.

"राणीसाहेब, यात त्याचा एक हात तरी शिरेल का?" साळुंकी म्हणाली.

"तू गप्प बैस. आई मी आहे."

"ते खरं. पण घोडीला वजन चालत नाही."

राणीने अंगरखा मागे घेतला. राजाने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "मी तेव्हा असेन, नसेन. धूमकेशाला सांग, राजाने हसायला नको होतं."

कुंतला आईच्या पाया पडली, घोडीवर बसली, आणि तिची पापणी लवली.

पापणी उघडली तेव्हा ती निळ्या ताऱ्यावर होती. धूमकेश समोर उभा होता. काळ्या शिळेवर तिघेजण बसले होते. एक पाच वर्षांचा मुलगा, पिवळ्या आंगड्यातला, रडणारा. एक बारा वर्षांचा, गुडघे खरचटलेला. आणि एक कोवळ्या मिशांचा तरुण. त्या तरुणाचे ओठ मंत्राने बांधलेले होते.

"यात एक तुझा," धूमकेश म्हणाला. "हात एकदाच धरायचा."

"ताई, मला आईकडे ने," लहानगा म्हणाला आणि त्याने दोन्ही हात वर केले. काल स्फटिकात दिसलं होतं तेच तोंड. कुंतलाचे पाय आपोआप त्याच्याकडे वळले. मग ती थांबली. हे तोंड सात वर्षं वाट चालून आपल्याला दिसलं होतं. तोवर दादा इथे सात वर्षांनी वाढला. पाच आणि सात, बारा.

ती मधल्या मुलापाशी गेली. त्याने हात पुढे केला. तिनेही केला. बोटाला बोट लागायचं तेवढं राहिलं होतं.

धूमकेश पापणी न लववता बघत होता. त्याच्याकडे लक्ष जाताच कुंतलाला स्वतःची पापणी आठवली. मी निघाले आणि पोचले, मला वाटलं पळसुद्धा गेलं नाही. पण ते मला वाटलं. इथे बसलेल्याने माझ्या वाटेची सात वर्षंही काढली आहेत. डोळ्यांनी एकदा फसवलं होतं, आता माझं अंगच मला फसवतं आहे.

तिने हात मागे घेतला. बारा आणि सात, एकोणीस. सरळ जाऊन तिने मिशावाल्याचा हात घट्ट धरला.

दोन्ही मुलं धुरासारखी विरली. तरुणाचे ओठ सुटले. "किती वेळ लावलास," तो म्हणाला. "ते पोर तुला ताई म्हणालं, तेव्हाच कळायला हवं होतं. थोरला मी आहे."

"मला ओळखलंस, दादा?"

"न ओळखायला काय झालं? याने इथेही एक स्फटिक बसवला आहे. तुला वाढताना पाहिलं आहे मी. आत्ता तर तू मनोऱ्यावर आईच्या पाया पडत होतीस. मान वळवली, तर इथे उभी." मग त्याचा आवाज खाली आला. "आई रडायची, आणि मला इथून हाक मारता येत नव्हती."

कुंतलाने धूमकेशाला बापाचा निरोप सांगितला. जादूगाराने घोडीचा लगाम स्वतः आणून दिला आणि म्हणाला, "माझा शाप फिटला. रागही फिटला. याचं वजन आणि सावली मी वाटेपुरती काढली आहे. लवकर जा, तुमच्या आईची वर्षं जाताहेत."

खरंच जात होती. राणी रोज मनोऱ्यावर चढे. स्फटिकात शिळ्या उजेडात तिचा मुलगा वाढत होता. त्याचा पडलेला दात तिने पाहिला, खरचटलेला गुडघा पाहिला. राजाला आता साळुंकीचं म्हणणं पटलं होतं. मुलाला मिसरूड फुटलेलं पाहून एका दुपारी त्याने शांतपणे डोळे मिटले. प्रधान म्हणाले, गादी रिकामी ठेवू नये. राणी म्हणाली, "रिकामी नाही, वाटेवर आहे." गुडघे दुखू लागले तशी ती पायऱ्या बसत बसत चढू लागली, पण चढली.

आणि एका सकाळी स्फटिकात कुंतला दिसली. जशी गेली तशीच, सतरा वर्षांची. राणीने श्वास धरला. पोर लहानग्याकडे वळली, थांबली. मधल्याकडे गेली, हात पुढे केला.

"नाही गं, पुढे," राणी पुटपुटली. "पुढे."

कुंतला पुढे गेली. हात धरला. दोघं घोडीवर बसली.

"आई," मागून हाक आली.

"थांब गं जरा," राणी स्फटिकावरची नजर न काढता म्हणाली. "माझी मुलं तिकडून निघताहेत."

"आई, ती पोचली," वज्रधर म्हणाला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. राणीने मागे वळून पाहायच्या आधी तो हात चाचपला. रुंद, राठ, ऊबदार. मग वळली.

त्याच आठवड्यात वज्रधर गादीवर बसला. पहिला हुकूम काढला तो धूमकेशाला मानाने बोलावून दरबारात आसन देण्याचा. कुंतला मिठाच्या माळावर जाऊन आली, तर त्या झाडाला पालवी फुटली होती. सावली तिने आणि झाडाने वाटून घ्यायची ठरली.

जेवताना कुंतला आईच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिली. तिच्या ताटातला घास तसाच होता.

"जेव," राणी म्हणाली. "तुझं पळ झालं, माझी चौदा वर्षं झाली. जे झालं ते झालं. इथून पुढचे दिवस आपण सगळे बरोबर मोजू."

आणि त्या दिवसापासून त्या घरात सकाळ सगळ्यांची एकदम उजाडू लागली.