राहून गेलेलं ‘फिने’

पुष्कळ वर्षांपूर्वी डोंगरावरच्या एका राज्यात एक नकलनवीस मुलगी होती. दरबाराच्या बँडसाठी सुरावटींचे कागद उतरवून काढायचे, हे तिचं काम. त्या सुरावटी समुद्रापलीकडून, इटलीहून आलेल्या, म्हणून सूचनाही तिकडच्याच भाषेत. ‘पियानो’ लिहिलं की हळू वाजवायचं, ‘फोर्टे’ लिहिलं की जोरात. ‘दा कापो’ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आणि ‘फिने’ म्हणजे इथे संपलं.

राजाचा हुकूम कडक होता. कागदावर असेल तेच वाजवायचं. मध्येच जो थांबेल, तो राज्याबाहेर. गेल्या वर्षी एका तुतारीवाल्याला ऐन दरबारात खोकला आला आणि तो थांबला. दुसऱ्या दिवशी दरबारातल्या खुंटीवर त्याची नुसती टोपी उरली होती. कोणी ती काढली नाही. तेव्हापासून कागदावर टाक टेकवताना मुलीला ती टोपी आठवायची.

राजाच्या वाढदिवसाला नवी सुरावट वाजवायची ठरली. सरावाला वेळच नव्हता. मुलीने घाईघाईने अठरा नकला काढल्या, बँडमास्तरांनी त्या वाटल्या आणि दुपारी दरबार भरला.

पहिली फेरी छान झाली. शेवटच्या ओळीखाली ‘दा कापो’ होतं, म्हणून सगळे पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागले. ‘फिने’ दुसऱ्या फेरीलाच पाळायचं असतं, म्हणून आता मधल्या ओळीवर थांबायचं होतं. पण कोणी थांबलंच नाही.

खांबाआड उभ्या मुलीने शेजारच्या कागदावर नजर टाकली. पहिल्या नकलेत ‘फिने’ लिहायचं राहिलं होतं. आणि बाकीच्या सतरा तिने त्या नकलेवरूनच काढल्या होत्या!

तिसरी फेरी झाली. चौथी झाली. शेजारचा ढोलवाला वाजवता वाजवता कुजबुजला, “काय गं ए, ह्याला शेपूट आहे की नाही? का आता पुढच्या वाढदिवसापर्यंत बडवत बसू?”

“मला... मला काय माहीत!” मुलगी म्हणाली. तिला वाटलं, बँडमास्तर थांबवतील. पण ते चोरून सिंहासनाकडे बघत होते, आणि त्यांची काठी हलतच होती.

सहाव्या फेरीला बासरीवाले आजोबा डगमगले. ह्या आजोबांनीच मुलीला सूर वाचायला शिकवलं होतं. त्यांचे ओठ निळे पडले होते. आठव्या फेरीला ते खुर्चीवरून घसरून गुडघ्यांवर आले, तरी बासरी ओठांनाच. नजर खुंटीवरच्या टोपीवर.

मुलगी धावत पुढे आली. “थांबा! आजोबा, थांबा! संपलंय हे!”

सगळी वाद्यं गप्प झाली. ती राजासमोर उभी राहिली. “महाराज, ‘फिने’ माझ्याकडून राहिलं. ह्यांची काही चूक नाही. मला घालवून द्या.”

“कधी कळलं तुला?” राजाने विचारलं.

“दुसऱ्या फेरीला, महाराज.”

“आणि ही कितवी?”

“आठवी.”

राजाने कपाळावरचा घाम पुसला. “मलाही तिसऱ्यालाच वाटलं होतं, काहीतरी चुकतंय. पण राजाने विचारायचं कोणाला? लोक हसतील म्हणून मी मान डोलवत बसलो.” तो उठला आणि त्याने खुंटीवरची टोपी काढली. “ह्या तुतारीवाल्याला परत बोलवा.”

कोणालाच राज्याबाहेर जावं लागलं नाही. पण आजोबांचा दम काही परत आला नाही. ते वाचले, बासरी मात्र कायमची सुटली. मुलगी रोज त्यांच्यासाठी काढा घेऊन जायची. ते म्हणायचे, “पोरी, चुका माझ्याही झाल्यात गं. तू दुसऱ्या फेरीला बोलली असतीस, तर मी आज वाजवत असतो, एवढंच.” ते रागावून म्हणायचे नाहीत, म्हणूनच तिला जास्त लागायचं.

त्यानंतर कोरा कागद समोर आला, की मुलगी एकही सूर उतरवण्याआधी ‘फिने’ लिहून टाकायची. भीती अजूनही वाटायची. पण लिहायची.

ह्या गोष्टीचं तात्पर्य इतकंच: भीती वाटली तरी आपली चूक लगेच सांगावी, कारण आपण गप्प राहतो, तेवढा वेळ दम दुसऱ्याचा जात असतो.