झाकलेल्या टोपल्यांचा बाजार

सागाच्या रानात, ओढ्याच्या काठी, एक शिंपीण राहायची. मुलांनो, शिंपीण म्हणजे चोचीने पानं शिवणारी इवलीशी पक्षीण. पळसाच्या पानांचे द्रोण ती इतके सुबक शिवायची की रानातली कुठलीही पंगत तिच्यावाचून बसत नसे. द्रोणांच्या बदल्यात मिळणाऱ्या अळ्यांवर तिची पिल्लं वाढत होती. आठवडी बाजारात, वडाखाली, तिची ठरलेली जागा होती. एका बाजूला चारोळ्या विकणारी खार बसे, दुसऱ्या बाजूला मध विकणारी मधमाशी. तिघी आपापल्या हिमतीवर धंदा करणाऱ्या, पण वागणं बघाल तर जणू सात जन्मांच्या वैरिणी!

त्याला कारण होती त्या बाजाराची एक खुळी समजूत. सकाळची पहिली विक्री, म्हणजे भवानी, होण्याआधी शेजारणीचं नाव घेतलं तर दिवसभर गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणे! आणि आपला माल कुठून येतो, हे तर कधीच सांगायचं नाही. म्हणून सगळ्यांच्या टोपल्या झाकलेल्या. साळिंदराने विचारलं, "मध कुठं मिळेल गं?" तर आमची शिंपीण शेजारच्या मधमाशीकडे ढुंकूनही न बघता म्हणायची, "मला काय ठाऊक?" खार दर बाजारी मिशांना चिकटलेला पांढरा कापूस झाडत, शिंकत शिंकत यायची. तिलाही कुणी काही विचारत नसे.

वैशाखात सशिणीच्या पिल्लांचं बारसं ठरलं. खिरीसाठी तिने शिंपिणीला द्रोण सांगितले. बाजाराचा नियम कडक होता. दिलेला शब्द मोडला, की वडाखालची जागा गेली. शिंपिणीने हौसेने होकार दिला आणि नेमका त्याच संध्याकाळी सोसाट्याचा वारा सुटला. रानातली कोळ्यांची सगळी जाळी उडून गेली. त्या जाळ्यांच्या धाग्यानेच तर ती शिवायची! ती रानभर हिंडली, पण वीतभर दोरा मिळेल तर शपथ.

बारशाच्या आदल्या दिवशी बाजार होता. शिंपीण नुसती सुटी पानं टोपलीत झाकून बसली. सशीण कौतुकाने म्हणाली, "एक द्रोण दाखव की गं!"

"झाकलेलं उघडू नये, दृष्ट लागते," शिंपीण कसनुसं हसली. सशीण समाधानाने गेली आणि इकडे शिंपिणीला रडूच कोसळलं.

खारीला राहवलं नाही. "काय झालं गं बाई?"

"दोरा नाही. एकही द्रोण शिवलेला नाही. उद्या माझी जागा जाणार. मग पिल्लांना काय भरवू?"

खारीने इकडेतिकडे पाहिलं. दोरा कुठे मिळेल हे तिला ठाऊक होतं, पण ते सांगायचं म्हणजे स्वतःची गुप्त जागा उघडी करायची. तिने शिंपिणीच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि एका दमात बोलून टाकलं, "माझ्या चारोळीच्या झाडाशेजारी सावर आहे. तिची बोंडं फुटलीत. कापूसच कापूस! त्यात नाक जाऊनच मी शिंकते. चल, दाखवते. फक्त माझ्या चारोळ्या नेऊ नकोस."

"अगं, मी चारोळ्या काय करू? मी तर किडे खाते!"

खार बघतच राहिली. इतकी वर्षं आपण जागा लपवली ती हिच्यापासून! मधमाशी मात्र घाबरून मागे सरकली.

"तुला नाही गं खात!" शिंपीण म्हणाली आणि रडता रडता हसली.

मग मधमाशीलाही कंठ फुटला. "कापसाच्या दोऱ्याने शिवलेल्या भोकांतून खीर गळेल. मी मेण देते, ते दाबून बसव. फक्त मलाही थोडे द्रोण दे. भांडं नाही म्हणून माझी गिऱ्हाइकं परत जातात, पण तुझ्याकडे मागायचं कसं?"

त्या दिवशी तिघींनी बाजार लवकर आवरला. खारीने कापूस आणला, शिंपिणीने तो वळून पानं शिवली, मधमाशीने शिवणींवर मेण बसवलं. दुसऱ्या दिवशी बारशात भरल्या द्रोणांतून खिरीचा थेंब गळला नाही. सशिणीने "वा!" म्हटलं, तेव्हा कुठे शिंपिणीच्या जिवात जीव आला. ती घरी गेली आणि पिल्लांना पंखाखाली घेऊन गाढ झोपली.

पुढच्या बाजारात साळिंदर सकाळीच तिच्यासमोर उभं राहिलं. "आज भवानी तुझ्याकडे. दे एक द्रोण."

शिंपिणीने टोपलीवरचं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि ती म्हणाली, "आधी मधमाशीकडे जा. मध ताजा आहे. आणि त्यावर घालायला खारीच्या चारोळ्याही घे. एवढं सगळं न्यायला द्रोण लागेलच की!"

भवानीआधीच शेजारणींची नावं ऐकून सगळ्या बाजाराचे कान टवकारले. पण दुपार व्हायच्या आत तिन्ही टोपल्या रिकाम्या झाल्या. ते पाहून बाकीच्या विक्रेत्यांनीही हळूच आपापली झाकणं काढली.

तात्पर्य : धंदा करणाऱ्या शेजारणींनी आपली अडचण आणि आपली माहिती एकमेकींपासून झाकून ठेवू नये; एकीने दुसरीचं नाव घेतलं, की दोघींचंही गिऱ्हाईक वाढतं.