सोनपाखरू आणि बाच्या खुणा

त्या दिवशी धुकं पडलं होतं, अगदी दुधात बुडवल्यासारखं. चार पावलांपुढचं झाड दिसेना. श्रावणातली बारीक भुरभुर पानापानावर इवले इवले मोती ठेवून जात होती.

अशा धुक्यात लहानू रानात भाजीची करटुली शोधत होता. आईनं ती बाजारात विकली की मग चूल पेटायची. बा गेल्या थंडीतच गेला. शेत नाही, गुरं नाहीत. पोराला त्यानं दिल्या त्या रानाच्या खुणा. "बाळा, पावसाचा मारा मावळतीकडनं. झाडाच्या त्या अंगाला शेवाळ दाट. सुगरण खोपा बांधते ती दुसऱ्या अंगाला, उगवतीला. आपलं घरही उगवतीलाच." हे सांगतानाचा बाचा आवाज कसा, तर सावकाश, घोंगडीसारखा ऊबदार.

वाटेत एक खोपा खाली पडलेला, आत पिल्लं चिवचिवत होती. लहानूनं गवत वळून तो फांदीला नीट बांधला. तोच समोर वनपरी! पंख हिरवे-निळे, पायांत दवाचे पैंजण.

"काय हवं ते माग, राजा. पण ऐक हं, नवं घेशील तर जुनं माझ्याकडं राहील."

लहानू दमलेला, भुकेला. "मला झटकन घरी नेईल असं काहीतरी दे."

परीनं मूठ उघडली. आत चिमुकलं सोनेरी पाखरू! "हे वाट दाखवील, पण एकट्यालाच. बदल्यात बानं दिलेल्या खुणा मी घेईन. चालेल?"

"चालेल की!"

किती पटकन बोललं पोर! जरा थांबायला हवं होतं.

मग रोज पाखरू पुढं, लहानू मागं. झाडांकडं कोण बघतंय? एका सांजेला आईजवळ बसून त्याला बाचं बोलणं आठवायचं होतं. ओठ आठवले, हसणं आठवलं. आवाज काही केल्या आठवेना; खुणांबरोबर तोही गेला होता. त्या दिवशी तो जेवला नाही.

पुन्हा तसंच धुकं पडलं. शेजारच्या येसूमावशीची ठमी करडामागं रानात शिरली ती परतलीच नाही. लहानू तिच्या रडण्याच्या आवाजामागं खोल रानात गेला. ठमी सापडली, पण दोघं दिसताच पाखरानं पंख मिटले.

"लहानूदादा, हे का बसलं?"

"दोघांना नेत नाही ते."

"मग तू जा. मी नाही रडणार," म्हणाली आणि भोकाडच पसरलं.

लहानूनं पाखरू ओंजळीत धरलं. "परीताई, घे तुझं पाखरू. माझ्या बाच्या खुणा दे."

परी आली, डोळे ओले. "खुणा घे, बाळा. आवाज मात्र धुक्यात विरला रे. तो माझ्याकडंही उरला नाही." तिनं त्याचे केस कुरवाळले आणि ती उजेड झाली. क्षणभर सारं धुकं सोन्याचं झालं, मग पुन्हा पांढरं.

लहानूनं खोडावर हात फिरवला. ठमीचा हात शेवाळावर ठेवला, वरचा खोपा दाखवला. झाडामागून झाड, सांगत सांगत दोघं चालली.

रानाच्या कडेला हाका मारून मारून येसूमावशीचा आवाज घोगरा झाला होता. तिनं ठमीला पोटाशी धरलं, लहानूकडं बघतच राहिली आणि म्हणाली, "धुक्यातनं तू हिला खुणा सांगत होतास ना, सावकाश, एकेक करून… मला वाटलं रे, तुझा बाच बोलतोय."