संत्र्याच्या बिया

मिक्सर नुकतेच घरोघरी येऊ लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. कुमुदवहिनींनी पाहुण्यांसाठी फळांचं कॉकटेल करायला घेतलं. द्राक्षं आणि संत्र्याच्या फोडी बियांसकट भांड्यात घातल्या, बटण दाबलं आणि त्या बाहेर पाणी द्यायला गेल्या.

“रस सुटला की थांब,” खुंटीवरची गाळणी म्हणाली. “बिया मी अडवते.”

“तुझी सदानकदा अडवाअडवी!” मिक्सर गुरगुरला. “मी फिरलो की मागे काही उरतच नाही.”

आणि तो फिरतच राहिला. बियांचं पीठ झालं. रस मात्र रेशमासारखा दिसत होता.

वहिनींनी परत येऊन मिक्सर बंद केला, रस जगमध्ये काढून त्यात सोडा ओतला, घोटभर चाखला आणि तोंड वाकडं केलं. कडूजहर! त्यांनी घाईघाईने गाळणी काढून सगळं गाळलं, पुन्हा चाखलं. तेवढंच कडू.

“नीट गाळ ना, ताई,” मिक्सर हळूच म्हणाला.

“बिया अख्ख्या होत्या तोवर मी अडवल्या असत्या,” गाळणी म्हणाली. “आता अडवायला त्या उरल्यात कुठे?”

वहिनींनी जग मोरीत उपडा केला, गाळणी धुतली आणि लिंबं चिरायला घेतली.