मंजुळेचं वाचन

वाचनाचा निकाल चांगला आला तरच शाळेला अनुदान मिळणार होतं. म्हणून शाळेचे अध्यक्ष आप्पासाहेब धुमाळांनी पुरात वाहून गेलेल्या मंजुळा या विद्यार्थिनीलाही अहवालात ‘उत्तम वाचते’ असं दाखवलं. वर्गशिक्षिका खैरमोडेबाईंनी त्यावर सही करायला नकार दिला, तेव्हा त्यांना नोकरीची भीती घातली.

तपासणीला आप्पासाहेबांसोबत वर्गात आलेले साहेब अहवाल बघून नेमके म्हणाले, “मंजुळेला वाचू दे.”

बाईंनी रिकाम्या बाकावर पुस्तक उघडून ठेवलं. मुलं श्वास रोखून तिकडे बघू लागली. वारा नव्हता, तरी पान उलटलं.

“मला काही ऐकू येत नाही,” साहेब पुटपुटले.

बाई शांतपणे म्हणाल्या, “आम्हालाही नाही, साहेब. तिचं वाचन फक्त अध्यक्षांनी ऐकलंय. त्यांनीच तिच्याशेजारी बसून सांगावं, ती काय वाचतेय.”

आप्पासाहेबांनी अहवालातलं ते नाव खोडलं.